न स्वीकारलेलं टपाल

“पाठवलाय म्हनतीया न्हवं ती? मग काय खोटं बोलंल व्हय पोरगी?”

ऑफिसच्या खिडकीच्या गजांतून त्या मावशींचा हात आत आला होता आणि हातात सायबर कॅफेची घडी घातलेली चिठ्ठी होती. मागे व्हरांड्यात हिरवी पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर गादीची वळकटी आणि वळकटीला धरून उभी असलेली त्यांची मुलगी अश्विनी. बारावीला शहाऐंशी टक्के मिळवून जत तालुक्यातल्या कुठल्याशा वाडीवरून दोन एसट्या बदलून आलेली. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाची यादी आदल्या दिवशी लागली होती. तिच्यात अश्विनीचं नाव नव्हतं. आमच्या लेखी तिचा अर्जच आलेला नव्हता.

“मावशी, अर्ज आला असता तर मी त्याला नंबर टाकला असता,” खिडकीच्या आतून आवटीबाई म्हणाल्या. “माझ्याकडं आलेला कागद हरवत नाही.”

ही बढाई नव्हती. सरोजिनी आवटी चौतीस वर्षं आमच्या कॉलेजच्या आवक-जावक टेबलावर बसत होत्या. आलेला प्रत्येक कागद रजिस्टरात चढणार, त्याच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक पडणार आणि तो प्राचार्यांच्या टेबलावर जाणार, हा त्यांचा धर्म. ई-मेल आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई हरल्या. बाई कसल्या हरतात! त्या प्रत्येक ई-मेल छापून काढायच्या, शिक्का मारायच्या, नंबर द्यायच्या आणि टेबलावर ठेवायच्या. निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि त्यांच्या सेवापुस्तकात एकही लाल शेरा नव्हता. हे त्या स्वतः सांगायच्या नाहीत, पण कुणी सांगितलं तर थांबवायच्याही नाहीत.

आणि मी? वृषाली चौगुले, वय चोवीस, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेली संगणक सहायक. जिन्याखालच्या खोलीत बसायचे आणि सगळ्या ऑफिसला आपल्यावाचून पाणीसुद्धा भरता येत नाही, अशा थाटात वावरायचे. ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी पहिल्यांदा वसतिगृहाचे अर्ज ई-मेलनेही चालतील असं जाहीर झालं होतं आणि ती कल्पना माझीच होती.

मला बोलावणं आलं. मी ऐटीत बाईंच्या कंप्युटरसमोर गेले आणि म्हटलं, “स्पॅममध्ये गेला असेल. उघडा तो कप्पा.”

एरवी मला खुर्ची देणाऱ्या बाई उठल्याच नाहीत. “तू नाव सांग,” त्या म्हणाल्या, “मी शोधते.”

त्यांनी एकेक अक्षर शोधून नाव टाइप केलं आणि अश्विनीचा अर्ज समोर आला. स्पॅममध्येच. मी खिडकीतून मावशींना म्हटलं, “सापडला!” तेव्हा बाईंचा चेहरा उतरलेला मला दिसला. मला वाटलं, कागद हरवत नाही म्हणाल्या आणि हरवला, म्हणून वाईट वाटत असेल.

“अजून असतील,” मी म्हटलं. “वसतिगृह हा शब्द टाका.”

आणखी दहा निघाले. अश्विनीसकट अकरा मुली. यादी लागलेली, खोल्या वाटलेल्या आणि या अकरा जणींना कुणी नाही म्हटलेलं नव्हतं, हो म्हटलेलं नव्हतं, त्यांचं कुणी काही वाचलेलंच नव्हतं.

प्राचार्य निरगुडकर बाहेर आले. अंगानं बारीक, बोलणं मोजकं, खिशाला लाल पेन. गेल्या जुलैत बदलून आलेले. त्यांनी अकरा नावं उभ्याउभ्या वाचली.

“हे कशामुळे झालं?” त्यांनी मला विचारलं.

“सर, फिल्टर कधीकधी चुकतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं—”

“चौगुले, मला म्हणी नकोत. कारण हवं. सोमवारी बारा वाजता, लेखी. कुणाच्या हातून झालं त्याच्या नावासकट.” मग अश्विनीच्या आईकडे वळून ते म्हणाले, “तोवर तुम्ही दोघी रेक्टरबाईंच्या खोलीत राहा. सोमवारनंतरचं मला आज सांगता येत नाही.”

ज्याच्या हातून झालं त्याच्या सेवापुस्तकात शेरा पडणार, आणि ज्याला सेवापुस्तकच नाही त्याला नारळ मिळणार, हे कुणी सांगायला नको होतं. मी जिन्याखाली जाऊन बसले आणि कराराचे किती महिने उरलेत ते बोटांवर मोजलं.

शनिवारी सकाळी आठला येऊन कामाला लागले. गेल्या वर्षी हा फिल्टर मीच बसवला होता. बाईंना समजावताना मी चहाच्या गाळणीचा दाखला दिला होता. पण ही गाळणी शिकणारी होती. नको असलेलं पत्र आलं की एक बटण दाबायचं. गाळणी त्या पत्रातले शब्द लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी तसल्या शब्दांचं पत्र आलं की आपणहून बाजूला काढते. हे सांगताना मी इतकी फुशारले होते की जणू ती माझ्याच पोटची.

मी माझ्या घरच्या पत्त्यावरून आवक टेबलाला इंग्रजीत एक अर्ज पाठवला. पोचला. तोच अर्ज मराठीत पाठवला. स्पॅम. तोच मराठी अर्ज प्राचार्यांच्या पत्त्यावर पाठवला. पोचला! म्हणजे मराठीचा दोष नाही, मुलींचा नाही, कॅफेवाल्याचा नाही. जे काय बिघडलंय ते फक्त आवक टेबलाच्या गाळणीत. मग एकेक वाक्य काढत गेले. शाळेचं नाव काढलं, तरी स्पॅम. टक्केवारी काढली, तरी स्पॅम. शेवटी पत्रात नुसतं ‘नमस्कार’ उरलं. तेही स्पॅम. मला हसू यायला लागलं. नुसता नमस्कार करणाऱ्याला हाकलून देणारं टेबल अख्ख्या तालुक्यात आमचंच असणार.

गाळणीनं कुठले शब्द वाईट म्हणून लक्षात ठेवले आहेत, त्याची यादी काढता येते. मी ती काढली. वर अपेक्षित मंडळी होती: लॉटरी, लाखो डॉलर, वजन घटवा, सगळं इंग्रजीत. आणि त्यांच्या खालोखाल मराठी शब्द. नमस्कार. तब्येत. चिंच. घंटा. दोरी. किल्ली. खोकला. कळावे. मी डोळे चोळले. आणि विसाव्या ओळीवर, लॉटरीच्या तोडीस तोड गुण मिळवून, लिहिलं होतं: आवटीबाई.

कुठल्या परदेशी लॉटरीवाल्याला आमच्या आवटीबाई माहीत असणार?

दीडला जेवणाची सुट्टी झाली. त्या वेळी मी आवक टेबलाकडे कधी जायचे नाही, कारण बाईंना डबा खाताना कुणी आलेलं आवडायचं नाही. त्या दिवशी गेले. बाईंनी डबा उघडला होता, पण घास तसाच हातात होता. डोळे पडद्यावर आणि ओठ हलत होते. मी मागे जाऊन उभी राहिले. स्पॅमचा कप्पा उघडा होता, पाठवणाऱ्यांच्या नावानुसार लावलेला. सगळ्यात वर एकच नाव, एकाखाली एक, पानभर. अंबादास लोखंडे. अंबादास लोखंडे. अंबादास लोखंडे. प्रत्येक पत्र उघडलेलं. आणि प्रत्येकासमोर उत्तर दिल्याची छोटी बाणाची खूण.

स्पॅम वाचणारी माणसं मी पाहिली होती. स्पॅमला नेमानं उत्तर देणारं माणूस पहिल्यांदा पाहत होते.

“बाई,” मी म्हटलं, “हे कोण?”

बाई दचकल्या नाहीत. डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि म्हणाल्या, “बस. कालपासून सांगायचंच होतं. धीर होत नव्हता.”

अंबादासमामा म्हणजे कॉलेजचे जुने शिपाई. मी लागण्याआधीच निवृत्त झालेले, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. सव्वीस वर्षं बाईंनी टपालावर नंबर टाकायचे आणि मामांनी ते टपाल खात्याखात्यात पोचवायचं. तासाची घंटाही तेच द्यायचे. निवृत्त झाल्यावर मुलगा त्यांना वापीला घेऊन गेला. तिथे नातीनं त्यांना कंप्युटरवर मराठी लिहायला शिकवलं आणि त्यांना जगात एकच ई-मेल पत्ता पाठ होता. रोज फाटकावरच्या बोर्डावर वाचलेला, कॉलेजचा.

“पहिलं पत्र आलं त्याला मी नंबर दिला होता,” बाई म्हणाल्या. “चारशे बारा. विषय, चिंच. छापून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. आलेलं पत्र टेबलावर जाणार, त्याला इलाज नाही.”

खणातून त्यांनी तो कागद काढला.

‘मा. प्राचार्य साहेब व आवटीबाई यांस अंबादास लोखंडेचा नमस्कार. मी वापीला मुलाकडे सुखरूप आहे. सातवा मजला आहे. लिफ्ट आहे. मागच्या चिंचेला यंदा बहर कसा आहे ते कळवावे. घंटेची दोरी झिजली आहे ती बदलावी. तब्येत ठीक. कळावे.’

खाली लाल शाईत: ‘अशी पत्रे स्वीकारू नयेत.’ आणि निरगुडकर सरांची सही.

“साहेब तेव्हा नवीन होते, त्यांना काय माहीत कोण अंबादास,” बाई म्हणाल्या. “पण शेरा म्हणजे शेरा. स्वीकारायचं नाही म्हणजे छापायचं नाही, नंबर द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी परत पत्र. तिसऱ्या दिवशी परत. फाडू कसं गं? पुसणं म्हणजे फाडणंच की. चौतीस वर्षांत आलेलं पत्र मी फाडलेलं नाही. मग तुझं आठवलं. नको असलेलं पत्र आलं की हे बटण दाबायचं, ते बाजूच्या कप्प्यात जातं.”

“आणि मग तुम्ही ते रोज वाचत होता?”

“जेवणाच्या सुट्टीत. ती वेळ कॉलेजची नाही.”

“आणि उत्तर?”

“उत्तर देऊ नये असं शेऱ्यात कुठं म्हटलंय?”

मला हसावं की रडावं कळेना. “अहो, मग मामांना घरचा पत्ता द्यायचा नाहीत का? इथं लिहू नका म्हणून कळवायचंत.”

“घरी कुठला आलाय कंप्युटर? आणि लिहू नका म्हटलं असतं तर ते थांबले असते.” त्या डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिल्या. “म्हणून नाही कळवलं.”

पहिले पंधरा-वीस दिवस त्यांनी नेमानं बटण दाबलं. मग पत्रं आपोआपच तिकडे पडायला लागली आणि बाईंना वाटलं, यंत्र शहाणं झालं. झालंच होतं. ऑगस्टपासून जूनपर्यंत दोनशे सत्त्याऐंशी पत्रं गिळून ते पक्कं शिकलं होतं, की आवक टेबलावर जो मराठीतून नमस्कार करतो, तब्येत विचारतो आणि कळावे म्हणून पत्र संपवतो, तो नकोसा माणूस. आणि खरं सांगायचं तर त्या काळी मराठीतून ई-मेल करणारं होतंच कोण? विद्यापीठाची परिपत्रकं इंग्रजीत यायची, सरकारी पत्रं कागदावर. मराठीत लिहायचे एकटे मामा. आणि मग जूनमध्ये, वाडीवस्तीवरच्या या अकरा मुली. शहरातल्या मुलींचे इंग्रजी अर्ज बिनबोभाट पोचले होते.

“कप्पा नावानुसार लावायला पण तूच शिकवलंस,” बाई म्हणाल्या. “मामांचं नाव वर असतं. मी खाली कधी गेलेच नाही. खाली त्या पोरी होत्या.” आणि मग चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. त्या रडत होत्या, पण सुट्टी संपायच्या आत आवरलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. गाळणी माझी, बटण मी दाखवलेलं, नावानुसार लावायचं मी शिकवलेलं, अर्ज ई-मेलनं घ्या हे टुमणंही माझंच. मी ठरवून टाकलं. “बाई, मी ‘तांत्रिक बिघाड’ असं लिहिते. ते खोटं नाही आणि त्यात कुणाचं नाव येत नाही.”

“बिघाड कसला? ते तर शिकवलं तसं शिकलं.” बाईंनी रजिस्टर उघडलं. “नाव मागितलंय तर नाव द्यायचं. ते मी बघते. तू फक्त हे दुरुस्त कसं होतं ते सांग.”

दुरुस्तीला एकच सरळ वाट होती. जे शिकवलं ते उलटं शिकवायचं. दोनशे सत्त्याऐंशी पत्रं एकेक करून उघडायची आणि प्रत्येकाला ‘हे स्पॅम नाही’ म्हणायचं. महिन्याभरानं स्पॅम आपोआप पुसलं जाण्याची सोय मी चालू करायची विसरले होते, म्हणून ती शिल्लक तरी होती. माझ्या आळसाचा कुणाला इतका उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता.

रविवारी आम्ही दोघी ऑफिसात. शिपायाकडून किल्ली घेतली, बाईंनी थालीपिठं आणली होती. बटण मी दाबत होते आणि पत्र बाई मोठ्यानं वाचत होत्या. नुसतं दाबत सुटलं असतं तर तासाभरात संपलं असतं. पण पहिल्या पाच पत्रांनंतर मीच म्हटलं, “थांबा, नीट वाचा.”

काय माणूस होता! ‘बाई, लिफ्टमध्ये शेजारी भेटले तरी बोलत नाहीत. मी घंटा दिल्यासारखा खाकरतो, मग बघतात.’ एकदा लिहिलं होतं, ‘आज खाली कुणाचा तरी टॉवेल पडला होता. कुणाचा ते विचारत सातही मजले फिरलो. फार दिवसांनी टपाल वाटल्यासारखे झाले.’ हे बाईंनी पुन्हा एकदा वाचलं. तोवर मी बटण दाबलं नाही.

पत्रांत नुसती आठवण नसायची. कामाच्या सूचना असायच्या, न विचारता दिलेल्या. ‘नव्या साहेबांना खोकला आहे म्हणता, त्यांच्या मागची खिडकी बंद ठेवा, पलीकडे पिंजाऱ्याचे दुकान आहे, कापूस उडतो. पूर्वेची उघडा.’

“म्हणजे तुम्ही—”

“सप्टेंबरात उघडली,” बाई म्हणाल्या. “आता खोकतात का?”

खरंच खोकत नव्हते.

एकशे त्रेसष्टावं पत्र फेब्रुवारीतलं होतं. बाई वाचत होत्या आणि थाळीतला शेवटचा तुकडा मी तोंडात टाकत होते. ‘वसतिगृहाच्या वर लांब हॉल आहे, त्याला वर्षातून एकदा ऊन द्या. नाहीतर बाकांना वाळवी लागेल. एकोणनव्वद साली खोल्या कमी पडल्या तेव्हा त्यात बारा मुली राहिल्या होत्या. मोरी आहे, नळ आहे. किल्ली घंटेच्या खांबाला मागच्या अंगाने खिळ्याला—’

बाई थांबल्या. आम्ही एकमेकींकडे बघितलं.

त्या हॉलच्या दाराला कुलूप होतं आणि त्याची किल्ली हरवलीय, असं कॉलेजात दर वर्षी नवीन येणाऱ्याला सांगितलं जायचं. आत भंगार आहे, एवढंच सगळ्यांना माहीत. कुलूप तोडायला परवानगी लागते आणि परवानगीला कारण, म्हणून ते तसंच राहिलं होतं.

“फेब्रुवारीत वाचलं होतं मी हे,” बाई हळूच म्हणाल्या. “ऊन द्यायला सांगू म्हटलं. पण सांगायचं कशाच्या आधारावर? पत्र तर स्वीकारलेलंच नाही.”

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी अंगणात पळाले होते. घंटेच्या खांबामागे हात घातला. गंजलेला खिळा आणि खिळ्याला, तेल लावून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, किल्ली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

सोमवारी बाराला पाच कमी असताना आम्ही दोघी प्राचार्यांच्या खोलीत उभ्या होतो. माझा अहवाल दीड पानी होता. बाईंनी तो आदल्या दिवशी वाचून ‘तांत्रिक बिघाड’ हे शब्द स्वतःच्या पेनानं काढले होते. त्यांचं स्वतःचं निवेदन वेगळं, सुवाच्य अक्षरात, आवक क्रमांकासकट. त्यात लिहिलं होतं: आपल्या शेऱ्यानुसार अमुक पत्रे स्वीकारली नाहीत. नष्टही केली नाहीत. त्यामुळे अकरा अर्ज दडले. जबाबदारी माझी आहे. मी अहवालाच्या शेवटी लिहिलं होतं: बटण दाबायला मी शिकवले, त्याने काय होईल ते पुरते सांगितले नाही, जबाबदारी माझीही आहे.

सरांनी दोन्ही वाचलं. “ती पत्रं कुठायत?”

बाईंनी गठ्ठा पुढे केला. आदल्या दिवशी छापला होता. आता ती पत्रं स्पॅममध्ये नव्हती, इनबॉक्समध्ये होती आणि इनबॉक्समधलं पत्र छापलं जाणार, त्याला इलाज नव्हता.

सर वाचायला लागले. आम्ही उभ्याच. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले. खिडकीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी मागच्या बंद खिडकीकडे बघितलं, मग पूर्वेच्या उघड्या खिडकीकडे, मग बाईंकडे. टॉवेलच्या पत्रापाशी त्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला. एकशे त्रेसष्टाव्याचा कोपरा बाईंनी मुद्दाम दुमडून ठेवला होता.

“ही किल्ली?”

मी टेबलावर ठेवली.

तासाभरात हॉल उघडला. बाक होते, जळमटं होती, आणि मोरीतल्या नळाला दहा मिनिटं धापा टाकून पाणी आलं. खरोखरच लांब हॉल होता. संध्याकाळपर्यंत बाक खाली उतरले आणि अकरा कॉट वर गेल्या. अश्विनीची हिरवी ट्रंक सगळ्यात आधी चढली. तिच्या आईनं जाताना खिडकीशी येऊन बाईंना सांगितलं, “सापडला न्हवं कागद? म्या म्हनलं हुतं.” बाईंनी मान हलवली.

त्याआधी, कॉट वर चढत असतानाच, चारच्या सुमारास सरांनी बाईंना बोलावलं. “सेवापुस्तक घेऊन या.”

बाई उठल्या, कपाट उघडलं, पुस्तक काढलं. कपाटाच्या किल्ल्या जरा जास्तच वाजल्या. मीही मागून गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही.

सरांनी आधी चारशे बारा नंबरचा कागद मागितला. स्वतःच्या जुन्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘स्वीकारावे. उत्तर द्यावे.’ मग सेवापुस्तक ओढलं. चौतीस वर्षांची पानं, सगळी निळीकाळी. पेन तेच होतं, लाल. ते लिहायला लागले तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले. माझ्या मनात आलं की आता ओरडावं, बटण मी शिकवलं म्हणून. पण तेवढ्यात सरांनी पेनाचं टोपण लावलं.

“वाचा,” सर म्हणाले.

बाईंना वाचवेना. मी वाचलं.

‘सदर कर्मचाऱ्याने चौतीस वर्षांच्या सेवेत आलेले एकही पत्र फाडलेले नाही.’ खाली सही, तारीख.

बाई बाहेर आल्या, आपल्या खुर्चीवर बसल्या आणि कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, “निळ्या शाईनं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं गं यांचं?”

माझा करार पुढे अकरा महिन्यांनी वाढला, मग आणखी अकरा, आणि अशी अकरा-अकरा करत मी तिथेच चिकटले. बाईंनी उरलेल्या तीन महिन्यांत मामांच्या सगळ्या पत्रांना नंबर दिले, मागची तारीख न टाकता, ज्या दिवशी नंबर पडला त्याच दिवसाची. घंटेला नवी दोरी आली. सप्टेंबरच्या अखेरीला बाई निवृत्त झाल्या आणि आवक टेबल माझ्याकडे आलं.

आठव्या दिवशी सकाळी साडेदहाला इनबॉक्समध्ये एक ई-मेल पडला. मराठीत. सरोजिनी आवटी. मी वाचला, छापला, शिक्का मारला, नंबर टाकला आणि सरांच्या टेबलावर ठेवला, कारण आलेलं पत्र टेबलावर जाणार, त्याला इलाज नाही.

‘मा. प्राचार्य साहेब व चि. वृषाली यांस नमस्कार. भाच्याने घरी कंप्युटर बसवून दिला. तब्येत ठीक. एक अडचण आहे. अंबादासमामांचा ई-मेल पत्ता मला माहीत नाही. तिथे मी नुसते उत्तराचे बटण दाबत होते. तो त्वरित कळवावा, आठ दिवस झाले. कळावे.’

सरांनी ‘त्वरित’खाली लाल रेघ ओढून कागद परत पाठवला. मी पत्ता कळवला, जावक क्रमांक टाकून.